प्राचीन बौद्ध संघ आणि उपासक

बौद्ध धर्म हा मुळांत भिक्षूंचा धर्म होता, गृहस्थ त्यांत केवळ अन्नवस्त्र पुरविणारा होता, आणि म्हणून विहार ओस पडतांच धर्महि या देशांतून नाहींसा झाला, असें विधान पुष्कळ ठिकाणीं आढळतें. या विधानांत सत्याचा अंश आहे. परंतु तो अंश नेमका कोणता, याची छाननी सहसा कोणी करीत नाहीं. हाच मुद्दा अधिक मार्मिकपणें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं इ. स. १९५७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथांत मांडला आहे. संघांत शिरणाऱ्यास जशी दीक्षा होती, तशी गृहस्थास धर्मांत घेण्याची स्वतंत्र दीक्षा नव्हती; या उणिवेमुळें गृहस्थ एकाच वेळीं अनेक पंथांत वावरण्यास मोकळा राहिला, आणि धर्माच्या ऱ्हासाचें तें एक कारण झालें, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

तेव्हां उपासकाचें प्राचीन संघांतील स्थान खरोखर काय होतें, हें मूळ साधनांवरून पाहणें अगत्याचें आहे. हीं साधनें तीन प्रकारचीं आहेत : पालि विनय व सुत्तें, अशोकाचे लेख, आणि आपल्या पश्चिम महाराष्ट्रांतील लेण्यांतले दानलेख. पालि ग्रंथ लंकेंत लेखनिविष्ट झाले ते परंपरेप्रमाणें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत. त्यामुळें त्यांतील प्रत्येक कथा बुद्धाच्या हयातींत घडली असें कोणीं समजूं नये. परंतु कथा मागाहून रचली गेली असली, तरी तिच्या आधारें जो नियम संघ प्रत्यक्ष पाळीत होता, तो नियम हा इतिहासाचाच पुरावा होय. शिवाय शिलालेख हे त्या त्या काळचेच असल्यानें ग्रंथांचें म्हणणें त्यांवर घांसून पाहतां येतें. या सर्वांचा विचार करतां मला जें दिसतें तें असें : संघाच्या वर्तनावर उपासकाचा अधिकार फार मोठा होता, उलट उपासकाच्या घरावर संघाचा अधिकार फार थोडा होता. या दोन गोष्टी एकत्र घेतल्याशिवाय उपासकाचें खरें स्थान कळत नाहीं.

१. शब्द आणि विधि

'उपासक' हा शब्द 'उप' या उपसर्गासह 'आस्' या धातूपासून झाला आहे. जवळ बसणारा, सेवा करणारा, असा त्याचा अर्थ. 'उपनिषद्' शब्दांतहि गुरूजवळ बसण्याचीच कल्पना आहे; तेव्हां 'उपासक' शब्दाच्या व्युत्पत्तींत दानाचा गंध नाहीं, सान्निध्याचा आहे. हा शब्द केवळ बौद्धांचा नव्हे. जैनांच्या सातव्या अंगाचें नांवच 'उवासगदसाओ' असें असून त्यांत महावीराच्या दहा गृहस्थ अनुयायांच्या कथा आहेत. 'श्रावक' शब्दाची गति मात्र दोन्ही पंथांत निराळी झाली. जैनांत तो गृहस्थाचा वाचक बनला. पालींत 'सावक' म्हणजे उपदेश ऐकणारा कोणीहि शिष्य, मग तो भिक्षु असो वा गृहस्थ. गृहस्थ शिष्यास निराळें दाखवावयाचें असतां 'गिही ओदातवसन', म्हणजे पांढरीं वस्त्रें नेसणारा गृही, असें म्हणत.

उपासक होण्याचा विधि अगदीं साधा होता. महावग्गांतील कथेप्रमाणें पहिले उपासक तपुस्स व भल्लिक हे दोन व्यापारी. त्या वेळीं संघ अस्तित्वांत नसल्यामुळें ते बुद्ध व धर्म या दोहोंसच शरण गेले. तिन्ही शरणें प्रथम घेणारा तो वाराणसीच्या यश नामक तरुणाचा पिता, आणि पहिल्या उपासिका म्हणजे यशाची माता व पत्नी. महानाम शाक्यानें उपासकाचें लक्षण विचारलें असतां मिळालेलें उत्तर थोडक्यांत असें आहे : त्रिशरणानें मनुष्य उपासक होतो, हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून अलिप्त राहून शीलवान् होतो, आणि श्रद्धा, त्याग व प्रज्ञा यांनीं तो पूर्णतेस जातो. शस्त्रें, प्राणी, मांस, मद्य व विष या पांच वस्तूंचा व्यापार त्यानें करूं नये, असेंहि अंगुत्तरनिकायांत सांगितलें आहे.

यांत जें नाहीं तें अधिक लक्षांत घेण्यासारखें आहे. जन्म, विवाह व मृत्यु या प्रसंगीं उपासकानें काय करावें, कोणास बोलवावें, कोणते विधि सोडावे, यांविषयीं एकहि विधिवचन यांत नाहीं. सिगाल नांवाचा तरुण सकाळीं ओलेत्यानें सहा दिशांस नमस्कार करीत असतां बुद्धानें त्यास तें सोडण्यास सांगितलें नाहीं. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुलें, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे दास व कामकरी, आणि वरची म्हणजे श्रमण व ब्राह्मण, असा नवा अर्थ त्यांत घातला. वरच्या दिशेंत श्रमणांच्या जोडीस ब्राह्मण कायम राहिले, हें ध्यानांत ठेवावें. वैशालीचा सेनापति सीह हा पूर्वीं निर्ग्रंथांचा अनुयायी. तो उपासक झाला तेव्हां, ज्या निर्ग्रंथांस तुझ्या घराचा इतका काळ आधार होता त्यांना दान देणें थांबवूं नकोस, असेंच त्यास सांगण्यांत आलें. नालंदेच्या उपालि गृहपतीची कथाहि याच प्रकारची आहे. परमतसहिष्णुता या दृष्टीनें ही गोष्ट थोर खरी; परंतु पंथाच्या सीमारेषेच्या दृष्टीनें पाहतां उपासकाच्या घराचें दार चारी दिशांस उघडें राहिलें, हेंहि तितकेंच खरें.

२. विनयाचा पुरावा

उपासकाचा संघावरील अधिकार पाहावयाचा तर उपदेशपर सुत्तांपेक्षां विनयपिटकच उघडावें. विनयांतील कितीतरी नियमांचा उगम एकाच प्रकारें सांगितला आहे : भिक्षूंनीं कांहीं अनुचित केलें, लोक कुरकुरूं लागले, ती कुरकुर बुद्धाच्या कानीं गेली, आणि नियम झाला. वर्षावास हाच मुळीं लोकांच्या तक्रारीमुळें आला. पावसाळ्यांत पक्षीदेखील घरटीं करून राहतात, आणि हे शाक्यपुत्रीय श्रमण मात्र कोंवळें गवत व लहानसहान जीव तुडवीत हिंडतात, असें लोक म्हणूं लागले. अष्टमी, चतुर्दशी व पंचदशी या तिथींस एकत्र जमण्याची सूचना बिंबिसार राजाची. मातापित्यांच्या अनुमतीवांचून मुलास प्रव्रज्या देऊं नये, हा नियम राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनानें मागून घेतला. विवक्षित पांच रोगांनीं पीडित असलेल्यांस संघांत घेऊं नये, हा जीवक वैद्याच्या विनंतीचा परिणाम. अर्थात् संघाची घटना भिक्षूंनीं रचली असली, तरी तिचे कित्येक कोनकंगोरे गृहस्थांच्या हातांनीं घडले आहेत.

याहून स्पष्ट असे चार प्रसंग आहेत. पहिला अनियत नांवाच्या दोन नियमांचा. एकांतांत स्त्रीसह बसलेल्या भिक्षूवर कोणता दोष लावावा, हें ठरवितांना, जिच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशा उपासिकेची साक्ष घ्यावी, असें हे नियम सांगतात. विशाखेनें उदायीस असें बसलेला पाहिलें, यावरून हा नियम झाला. भिक्षूची कबुली मागाहून आवश्यक मानली गेली हें खरें. तथापि भिक्षूंच्या पातिमोक्षांत, जें प्रत्येक पंधरवड्यास संघापुढें म्हटलें जाई त्यांत, एका गृहस्थ स्त्रीच्या साक्षीस स्थान आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा प्रसंग मच्छिकासंड येथील चित्त गृहपतीचा. सुधम्म नांवाचा भिक्षु त्याच्याच आंबराईंत राहत असे. थेरांस आमंत्रण देण्यापूर्वीं आपणांस विचारलें नाहीं या रागानें सुधम्मानें चित्तास, तुझ्याकडे सर्व कांहीं आहे, फक्त तिळाची वडी नाहीं, असें टोंचून म्हटलें. अट्ठकथेच्या मतें हा त्याच्या घराण्याच्या धंद्यावर टोमणा होता. निवाडा काय झाला? संघानें सुधम्मावर पटिसारणीय कर्म केलें, म्हणजे त्यानें परत जाऊन गृहपतीची क्षमा मागावी असें ठरविलें. तो एकदां गेला, ओशाळून तसाच परतला; तेव्हां त्याच्या सोबतीस दुसरा भिक्षु देऊन त्यास पुन्हा पाठविलें. गृहस्थाचा अपमान करणाऱ्या भिक्षूनें गृहस्थाची क्षमा मागितल्यावांचून सुटका नाहीं, हें यावरून ठरलें.

तिसरा प्रसंग कोसंबीचा. तेथील भिक्षूंत भांडण लागून दोन तट पडले. बुद्धाच्या सांगण्यालाहि कोणी जुमानीना, तेव्हां तो गांव सोडून गेला. मग उपासकांनीं ठरविलें कीं, या भिक्षूंस वंदन करावयाचें नाहीं, उठून मान द्यावयाचा नाहीं व भिक्षाहि घालावयाची नाहीं. परिणाम असा झाला कीं, भांडणारे भिक्षु आपण होऊन श्रावस्तीस गेले आणि वाद मिटला. जें शास्त्याच्या शब्दानें झालें नाहीं तें उपासकांच्या बहिष्कारानें झालें, असें विनयच सांगतो.

चौथा प्रसंग याच्या उलट बाजूचा, म्हणजे संघानें उपासकास शासन करण्याचा. वड्ढ नामक लिच्छवीनें दब्ब मल्लपुत्त या भिक्षूवर खोटा आळ घेतला. संघानें त्याच्यापुरतें आपलें पात्र पालथें केलें, म्हणजे त्याची भिक्षा नाकारली. तें ऐकून वड्ढ मूर्च्छित पडला, आणि ओल्या केसांनीं व ओल्या वस्त्रांनीं येऊन त्यानें अपराध कबूल केल्यावर पात्र पुन्हा सुलटें झालें. अशा शासनाचीं आठ कारणें दिलीं आहेत : भिक्षूंची मिळकत बुडविणें, त्यांचें अकल्याण करणें, त्यांस राहूं न देणें, शिव्या देणें, त्यांच्यांत फूट पाडणें, आणि बुद्ध, धर्म किंवा संघ यांची निंदा करणें. या आठांत उपासकाच्या घरगुती आचाराविषयीं एकहि कारण नाहीं. तो अन्य देवतांची पूजा करतो, यज्ञ करवितो, पंचशील मोडतो, यांसाठीं पात्र पालथें होत नसे. पुढें लेण्यांतील लेखांत आपणांस जें दिसेल त्याची किल्ली या आठ कारणांत आहे.

३. ज्ञानाचा अधिकार

उपासक केवळ दाता होता काय? अंगुत्तरनिकायांतील अग्रगण्य शिष्यांच्या यादींत उपासकांचीं दहा व उपासिकांचीं दहा स्थानें आहेत. त्यांत दानाकरितां अनाथपिंडिक व विशाखा हीं येतात. पण धर्मकथन करणाऱ्या उपासकांत श्रेष्ठ म्हणून चित्त गृहपतीचें, आणि बहुश्रुत उपासिकांत श्रेष्ठ म्हणून खुज्जुत्तरेचें नांव आहे. संयुत्तनिकायांतील एक संबंध प्रकरण चित्ताच्या नांवावर असून त्यांत तो अनेकदां भिक्षूंस कठिण स्थळें उलगडून सांगतो. खुज्जुत्तरा ही अट्ठकथेप्रमाणें राणी सामावतीची दासी. 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिनें ऐकून राणीस सांगितलेल्या वचनांचा संग्रह अशी परंपरा आहे. एका दासीच्या स्मरणावर पिटकांतील एक ग्रंथ उभा आहे असें मानण्यास परंपरेस संकोच वाटला नाहीं. महापरिनिब्बानसुत्तांत तर भिक्षु, भिक्षुणी, उपासक व उपासिका हे चारी वर्ग धर्म शिकविण्यास व परमतखंडन करण्यास समर्थ होईपर्यंत परिनिर्वाण घेणार नाहीं, असें बुद्धाच्या मुखीं घातलें आहे.

या चित्रास दुसरी बाजू आहे, आणि ती लपवून चालणार नाहीं. मज्झिमनिकायांत अनाथपिंडिकाच्या मृत्युशय्येचा प्रसंग आहे. सारिपुत्त त्यास इंद्रियें, विषय व विज्ञान यांत न गुंतण्याचा गहन उपदेश करतो. गृहपतीच्या डोळ्यांस पाणी येतें. आनंद विचारतो, धीर सुटला काय? तो म्हणतो, तसें नव्हे. इतकीं वर्षें शास्त्याची व भिक्षूंची सेवा केली, पण असा उपदेश कधीं ऐकला नव्हता. पांढरीं वस्त्रें नेसणाऱ्यांस असा उपदेश करीत नाहींत, असें उत्तर मिळतें. आणि गृहपति विनवितो कीं, तो त्यांनाहि करावा, कारण ज्यांच्या डोळ्यांत धूळ थोडी आहे असे लोक गृहस्थांतहि आहेत. जेतवन ज्यानें दिलें त्यासच धर्माचा गाभा अखेरच्या दिवशीं मिळावा, ही खंत खुद्द ग्रंथकारांनींच नोंदविली आहे. मिलिंदपञ्हांत तर स्रोतापन्न गृहस्थानेंहि अद्याप कांहीं न साधलेल्या भिक्षूस वंदन करावें, असाच निर्णय आहे. योग्यता कोठेंहि असो, आसन भिक्षूचेंच वरचें राहिलें.

४. अशोकाचे लेख

ग्रंथांतील उपासक कल्पनेंतला नव्हे, हें अशोकाच्या लेखांवरून सिद्ध होतें. लघुशिलालेखांत तो स्वतः म्हणतो कीं, आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, पण पहिल्या वर्षीं फारसा उद्योग केला नाहीं. संघाजवळ आल्यापासून मात्र नेटानें प्रयत्न केला. म्हणजे उपासक होणें आणि मनापासून झटणें या दोन गोष्टी भिन्न असूं शकत, हें त्याच्याच कबुलीवरून दिसतें. बैराट येथील लेखांत तो संघास उद्देशून सात धर्मपर्याय नांवानिशीं सांगतो, आणि ते भिक्षु व भिक्षुणी यांनीं, त्याचप्रमाणें उपासक व उपासिका यांनींहि वारंवार ऐकावे व मनांत धरावे अशी इच्छा प्रकट करतो. अनाथपिंडिकाची विनंति येथें एका सम्राट्-उपासकाच्या मुखानें पुन्हा ऐकूं येते, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

सारनाथच्या स्तंभलेखाचें महत्त्व तर याहून अधिक आहे. संघांत फूट पाडणाऱ्या भिक्षूस वा भिक्षुणीस पांढरीं वस्त्रें नेसवून विहाराबाहेर ठेवावें, अशी त्यांत आज्ञा आहे. या आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांजवळ ठेवावी आणि तशीच एक उपासकांजवळ ठेवावी, व उपासकांनीं प्रत्येक उपोसथाच्या दिवशीं येऊन तिचा विश्वास करून घ्यावा, असेंहि त्यांत सांगितलें आहे. संघभेदासंबंधींची राजाज्ञा उपासकांच्या हातीं देण्यांत आली, याचें कारण कोसंबीची कथा वाचलेल्यास सांगण्याची गरज नाहीं.

५. लेण्यांतील दानलेख

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. विशाखेनें बुद्धाजवळ आठ वर मागितले, अशी महावग्गांत कथा आहे : पावसाळ्याचीं वस्त्रें, येणाऱ्या, जाणाऱ्या व आजारी भिक्षूंस आणि रुग्णसेवकांस अन्न, आजाऱ्यांस औषध, नित्य पेज, व भिक्षुणींस स्नानवस्त्र. ही यादी नुसती भक्तिकथा वाटेल; पण तिच्यांतील दोन वर नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावरील एकाच लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत, पक्क्या हिशेबासह कोरलेले सांपडतात.

नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें तेथें ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि ठेविली. पैकीं २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा १ व्याजानें, आणि १,००० दुसऱ्या विणकरश्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं; व्याज तेवढें वापरावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्राकरितां द्यावयाचे. हिशेब करून पाहावा : २,००० चें व्याज दरमहा २०, वर्षाचें २४०, आणि २० भिक्षूंचे प्रत्येकीं १२ प्रमाणें २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाहीं. याच लेण्यांतील दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतला. त्यांत विष्णुदत्ता नांवाची शकजातीय स्त्री गोवर्धनच्या कुंभार, जलयंत्रकार व तेली इत्यादि श्रेणींकडे अक्षयनीवि ठेवते. हेतु एकच, विहारांतील आजारी भिक्षूंस औषध. ती स्वतःस उपासिका म्हणविते.

याच दोन लेखांच्या आधारें दुसरा मुद्दाहि पाहावा. उषवदातानें त्याच डोंगरावर आपल्या इतर दानांची यादी दिली आहे : तीन लक्ष गायी, देवब्राह्मणांस १६ गांवें, प्रभासतीर्थीं ब्राह्मणांस विवाहाकरितां आठ कन्या. त्यानें स्वतःस उपासक म्हटलेलें नाहीं. त्यास केवळ उदार राजपुरुष म्हणतां येईल. परंतु विष्णुदत्ता उपासिकाच आहे, आणि तिचें नांव विष्णूचें, पित्याचें नांव अग्निवर्मा, पुत्राचें विश्ववर्मा. नांवांवरून धर्म ठरत नाहीं हें खरें. पण उपासक झाल्यानें घरांतील नामकरणाची रीति बदलली नाहीं, इतकें तरी ठरतें. रायगड जिल्ह्यांतील कुडें येथील चैत्यगृह भयिला नांवाच्या ब्राह्मणीनें दिलें. तिचा पति अयितिलु हा लेखांत एकाच ठिकाणीं ब्राह्मण व उपासक अशा दोन्ही विशेषणांनीं निर्दिष्ट आहे. लेख कोरविणाऱ्यास त्यांत विसंगति वाटली नाहीं. त्याच लेण्यांत करहाकड, म्हणजे कऱ्हाड, येथील लोखंडाचा व्यापारी महिक हा दाता आहे. कार्ले येथें धेनुकाकटाचा सुतार सामि व अनेक यवन आहेत. जुन्नर येथें धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी, आडुथुम नांवाचा शक उपासक व चित नांवाचा यवन आहे. ब्राह्मण, शक, यवन, सुतार, वाणी या सर्वांस एका छताखालीं आणणारें दुसरें कांहीं त्या काळीं या प्रांतांत क्वचितच असेल. परंतु हें छत विहाराचें होतें. प्रत्येकाच्या घराचें छप्पर निराळेंच राहिलें.

६. निष्कर्ष

तात्पर्य, गृहस्थ हा केवळ अन्नदाता होता हें मत टिकत नाहीं. तो नियमांस कारण होता, साक्षीदार होता, प्रसंगीं बहिष्कार घालणारा होता, आणि अशोकाच्या काळीं संघाच्या ऐक्याचा राखणदारहि होता. परंतु ज्या विनयानें त्यास हा अधिकार दिला त्यानेंच त्याच्या गृहजीवनास हात लावला नाहीं. विहार नांदता होता तोंपर्यंत ही मोकळीक बळच ठरली, कारण कोणासहि आपलें कूळ, देव वा धंद्याची श्रेणी न सोडतां उपासक होतां येई. विहार ओस पडल्यावर मात्र, जें घरांत कधीं शिरलेंच नव्हतें तें घरांत उरणार कोठून? जैन श्रावकांचीं व्रतें व आचार घरोघर बांधलेले होते, आणि तो समाज आजहि आपल्यांत आहे, ही तुलना विचार करण्याजोगी आहे. ऱ्हासाचीं इतर कारणें, राजाश्रयाचा लोप, व्यापारी मार्गांतील फेरबदल, विहारांचा विध्वंस, यांमुळें नाकारलीं जात नाहींत.

या दृष्टीनें पाहतां दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें जें घडलें त्याचा अर्थ अधिक उघड होतो. डॉ. आंबेडकर यांनीं महास्थविर चंद्रमणि यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतलें. नंतर स्वतः गृहस्थ असूनहि लाखो लोकांस दीक्षा दिली, आणि तिला बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. त्या प्रतिज्ञांत अन्य देवतांची पूजा न करणें, श्राद्ध व पिंडदान न करणें, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करविणें, या गोष्टी आहेत. पालथ्या पात्राच्या आठ कारणांत ज्यांचें नांवहि नव्हतें, त्याच नेमक्या या गोष्टी होत. म्हणजे उपासकाच्या प्राचीन कल्पनेंत जी जागा रिकामी होती तीच भरण्याचा हा प्रयत्न होता. चित्त गृहपतीनें धर्म सांगितला होता. गृहस्थानें गृहस्थांस धर्मांत घेणें हें मात्र नवें होतें, आणि तें ज्या प्रांतांत अयितिलु व विष्णुदत्ता यांचे लेख आजहि दगडांत वाचतां येतात, त्याच महाराष्ट्रांत घडलें.